आईनं दोनदा सांगितलेलं नाव

८ सप्टेंबर १९९८, टू हार्बर्स

रेइनो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फेकून देऊ नकोस. मी पैसे मागत नाहीये, घर विकत नाहीये आणि कोणी मेलेलंही नाही. इथवर वाचलंस ना, मग पुढचंही वाच.

चार वर्षांनी लिहिते आहे. डेट्रॉइटच्या नदीत टपालाची होडी तुमच्या बोटीला येऊन चिकटते आणि तुम्ही दोरीला बादली बांधून पत्रं वर ओढून घेता, हे बाबा किती रंगवून सांगायचे. म्हटलं, त्या बादलीत माझंही एक पाकीट पडू दे. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू रिसीव्हर ठेवतोस. पत्राचं तरी तसं करता येत नाही.

आईचं सांगायचंय. मागच्या मंगळवारी मी शाळेचं स्वयंपाकघर आवरून घरी आले, तर परसातल्या सौनाच्या धुराड्यातून धूर येत होता. मंगळवारी! आपल्याकडे शनिवारशिवाय कधी वाफेची आंघोळ झाल्याचं तुला आठवतं का? आत गेले तर दगड तापून लाल झालेले, आणि आई बाकावर बसलेली. अंगात स्वेटर, मांडीवर दोन टॉवेल, घामानं निथळत होती. मला म्हणते, "तुझा बाप अजून गोदीवरून आला नाही." बाबांना जाऊन चार वर्षं झाली!

मी तिला बाहेर ओढून काढलं, पाणी पाजलं. तासाभरानं ती नेहमीसारखी. मागावर बसली आणि चिंध्यांची सतरंजी विणायला लागली. ती सतरंजी मी उलगडून पाहिली, रेइनो. निळा पट्टा चार बोटांचा हवा, तो सहा फूट झालाय. रंग बदलायचंच तिला आठवलं नाही.

आता तू म्हणशील, इतके दिवस तुझ्या लक्षात कसं आलं नाही, सोबत तर राहतेस. अरे, आपल्या फिनिश लोकांत न बोलणाऱ्याला शहाणं समजतात. आईनं सगळा संसार "हं" आणि "योओ", म्हणजे नुसतं हो, एवढ्यावर केला. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कोणी विचारतं, "साइमा, बरी आहेस ना?" ही म्हणते, "योओ." आणि सगळे म्हणतात, बघा, ब्याऐंशी वर्षं झाली तरी कशी खणखणीत आहे!

हिल्माला तेवढं मी हळूच सांगितलं. आईची मैत्रीण, तिच्यापासून काय लपवायचं. ती म्हणाली, "वेडी आहेस का? मुखत्यारपत्र करून घे लवकर. बँकेतल्या वॉल्टरकडे नोटरीचा शिक्का आहे. छापील कागद मिळतात. आम्ही सगळ्यांनी तसंच केलं. कॉफी, वेलचीचा पाव आणि एक सही, झालं काम." म्हणजे पुढे आईच्या वतीनं सह्या मी करायच्या, आणि दवाखान्यात डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर मी द्यायचं. तेच करणार आहे. तुला कळवलं नाही असं उद्या म्हणू नकोस, म्हणून हे पत्र.

दवाखान्यात काय झालं होतं ते मी काढत नाही. तू बोलायचं ते बोललास, मी बोलायचं ते बोलले.

वर्ना


२३ सप्टेंबर

रेइनो,

तुझं उत्तर नाही. नसेना का.

काल वॉल्टर आला होता, शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन. मी पाव भाजला, ठेवणीतल्या कपबशा काढल्या. हिल्मा साक्षीदार म्हणून नव्या ब्लाउजमध्ये येऊन बसली, लग्नाला यावं तशी. आईपुढे कागद ठेवला, पेन दिलं. वॉल्टर म्हणाला, "साइमा, हा कागद कसला आहे ते मला सांग."

काय गरज होती रे विचारायची? सही करून घ्यायची, शिक्का मारायचा आणि पाव खायचा! आईनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वॉल्टरकडे. म्हणाली, "पार्सल आलंय का? ठेव तिकडे." आणि सही केली. साइमा लाहती. माहेरचं नाव! साठ वर्षांपूर्वी सोडलेलं.

हिल्मा म्हणाली, "जाऊ दे रे, मार शिक्का. साइमाच आहे ना ती?"

वॉल्टरनं पेनाला टोपण लावलं. मी ओरडलेच त्याच्यावर. आईचं सगळं मी करते वॉल्टर, बँकेच्या खुर्चीत बसून तुला काय कळतंय, असं काय काय. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वर्ना, मी हा शिक्का मारला तर उद्या कोणीही उठून म्हणेल, म्हातारीला काही कळत नव्हतं. आणि खरंच आज तिला कळलं नाही. डुलुथला एक वकीलबाई आहे, म्हाताऱ्या माणसांचीच कामं करते. तिच्याकडे ने. सकाळी ने, आणि लवकर ने."

"वकील कशाला? आम्ही काय भांडतोय का?"

"भांडण नाही तेव्हाच जायचं असतं," म्हणाला.

पाव त्यानं खाल्लाच. दोन तुकडे.

मी तो कागद चुलीत घातला. वकिलाकडे आपल्या घरातलं कोणी कधी गेलं नाही. बाबा म्हणायचे, आपलं आपल्याला निस्तरता येत नसेल तर माणूस म्हणवून घेऊ नये. पण रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच फिरतंय. आईचं कळणं असंच गळत राहिलं आणि उद्या काही झालं, तर तिच्या वतीनं बोलायचं कोणी? परत बाबांच्या वेळेसारखंच सगळं? मी त्या बाईला फोन केला. चौदा ऑक्टोबर, सकाळी दहा.

वर्ना


६ ऑक्टोबर

रेइनो,

तुझं कार्ड मिळालं. मागे बोटीचं चित्र आणि पुढे चार शब्द: "कागद कर. मला वगळ." तुझ्या सुकाणूला तरी इतके कमी शब्द लागतात का रे? पण ठीक आहे. वगळलं.

परवा तुमची बोट इथल्या गोदीला लागली होती. आईनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बिणीनं पाहिली. दहा तास खनिज भरत होते. आपलं घर टेकडीवर, पायी पंधरा मिनिटं. तू आला नाहीस. आईनं दुर्बीण तीनदा पुसली. मी तुला टोमणा मारत नाहीये. मारतेच आहे, जाऊ दे.

इकडे तयारी जोरात चालली आहे. वकीलबाई आईला काय विचारणार? तारीख, वार, राष्ट्राध्यक्ष कोण, शंभरातून सात वजा करत खाली या. डॉक्टर असंच विचारतात. म्हणून मी रोज सकाळी आईची शाळा घेते.

"आई, आज वार कोणता?"

"तुझ्या तोंडावरून सोमवार वाटतो."

"आई!"

"मंगळवार."

"शंभरातून सात गेले?"

"कुठे गेले?"

एकदा तर म्हणाली, "तू शाळेत गणितात नापास झाली होतीस, आता मला शिकवतेस?" बघ, हे बरोबर आठवतं! मी हसले नाही. नंतर कोठीत जाऊन हसले आणि मग तिथेच पिठाच्या डब्यावर बसून रडले. माझी झोप उडाली आहे. हात सारखे काहीतरी शोधत असतात, भांडी घासलेली असली तरी परत घासते. चौदा तारखेला आईची अक्कल ठिकाणावर राहू दे, एवढंच मागणं आहे. सकाळी ती बरी असते. दुपारी दोननंतर तिचं काही खरं नाही.

व.


१५ ऑक्टोबर

रेइनो,

काल जाऊन आलो. छान झालं सगळं.

बाईंचं नाव डॅग्नी ऑल्सरूड. पन्नाशीच्या, उंच, पायात बर्फात घालायचे बूट. आम्ही बसलो आणि मी फाइल उघडून बोलायला सुरुवात केली. औषधं, डॉक्टर, सौना, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही बाहेर बसा."

मी म्हटलं, "मी तिची मुलगी."

"हो. पण माझी अशील ह्या आहेत, तुम्ही नाही."

"तिला मधूनच आठवत नाही, मी असले म्हणजे..."

"म्हणूनच तुम्ही बाहेर बसा."

असा राग आला! गाडी कोणी चालवली, फी कोण देतंय, हिच्या गुडघ्याला रोज मलम कोण लावतं? आणि मी बाहेर! पाऊण तास त्या बाकावर बसले होते. एका मासिकाची पानं मोजली, हातमोजे घातले, काढले. दाराला कान लावायचं मनात आलं, पण तिथली मुलगी बघत होती.

नंतर बाईंनी मला समजावलं. तारीख-वार त्या विचारतच नाहीत! विचारतात ते एवढंच: तुमचं काय काय आहे, तुमची माणसं कोण, तुमच्या वतीनं कोणी बोलावं आणि का. हे ज्याला सांगता येतं त्याला सही करता येते, मग त्याला वार आठवो न आठवो. तीन आठवडे मी त्या माउलीला उगाच सातानं वजा करत होते.

मी विचारलं, "आम्हाला उशीर झाला का?"

म्हणाल्या, "बहुतेक लोक मला हॉस्पिटलच्या फोनवरून विचारतात. तेव्हा मी त्यांना फक्त कोर्टाचा रस्ता सांगू शकते. मग कोण बोलणार ते न्यायाधीश ठरवतो. तुमची आई आजच्याऐवजी तीन महिन्यांनी आली असती तर मला तेच सांगावं लागलं असतं. पहिल्यांदा चुकलं तेव्हाच यायला हवं होतं, पण दार अजून उघडं आहे."

आणखी एक गोष्ट. त्या एका भेटीत सही घेत नाहीत. दोन आठवड्यांनी परत बोलावतात आणि तेच प्रश्न विचारतात. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तर ते आईचं, नाहीतर त्या दिवसाच्या हवेचं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा आता एकोणतीस तारीख.

नाव अर्थातच माझं. दुसरं कोणाचं असणार?

वर्ना


३१ ऑक्टोबर

रेइनो,

सही झाली. आईनं स्वतःचं नाव नीट लिहिलं, सासरचं. शिक्का लागला. काळजीचं काही नाही.

इथे थंडी पडली. मी सध्या फार कामात आहे.

व.


१७ नोव्हेंबर

रेइनो,

बाहेर तुफान आहे. सरोवराच्या लाटा धक्क्यावरून उडून रस्त्यावर येतायत, तुमच्या बोटी कुठेतरी आडोशाला नांगर टाकून बसल्या असतील. शाळा बंद. मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. आईनं दोनदा विचारलं, "काय हरवलं?" शेवटी लिहायला बसले.

मी तुझ्याशी खोटं बोलले. नाव माझं नाही. तुझं आहे.

पहिल्या भेटीच्या दिवशीच मला कळलं होतं. परत येताना किनाऱ्यावरच्या दुकानात धुरावलेला मासा घेतला आणि गाडीतच कागदावर ठेवून आम्ही खात बसलो. तिथे आई बोलायला लागली. वर्षभरात बोलली नसेल एवढं बोलली. जसंच्या तसं लिहिते, एकही शब्द बदलत नाही.

म्हणाली, "मी बाईंना रेइनो सांगितलं."

मला वाटलं, घसरली परत. म्हटलं, "रेइनो बोटीवर असतो, आई. तो घरी येत नाही. तुझ्याजवळ मी असते."

"ठाऊक आहे. मी तुझ्याच घरात राहते."

"तुझं घर आहे ते."

"तेच मी बाईंना सांगितलं." माशाचा काटा काढला, कागदाच्या कडेला ठेवला. "तुझ्या बापाला तू अकरा आठवडे ठेवलंस."

मी म्हटलं, "मी नाही ठेवलं, डॉक्टरांनी ठेवलं."

"डॉक्टर रोज विचारत होते. रेइनो म्हणाला, सोडा त्यांना. तू म्हणालीस, ठेवा. मी गप्प बसले. अकरा आठवडे त्याचे हात पलंगाला बांधले होते, वर्ना. नळी ओढू नये म्हणून. तो माझ्याकडे बघायचा आणि मी खिडकीकडे बघायची." मग बराच वेळ खात राहिली. मला वाटलं संपलं. तर म्हणाली, "तू चांगली मुलगी आहेस. तू मला सोडणार नाहीस. म्हणून तू नाही."

रेइनो, मला गाडी चालू करता येईना. किल्ली हातात आणि भोक सापडेना. सहा वर्षं! माझा नवरा गेल्यावर मी तिच्याकडेच राहायला आले. तिची नखं मी कापते. तिला भाजीतलं गाजर आवडत नाही म्हणून शाळेच्या दोनशे पोरांच्या भाजीतून गाजर काढायला मी तयार आहे! आणि जो पंधरा मिनिटांची टेकडी चढत नाही, त्याचं नाव?

आता खरी लाज वाटते ते सांगते. मधल्या दोन आठवड्यांत मी तिला पढवलं. रोज सकाळी, कॉफी देताना.

"आई, बाईंनी विचारलं की कोण, तर काय म्हणायचं?"

"वर्ना."

"शाब्बास."

एकदाही चुकली नाही. आपण जेवलो की नाही हे विसरायची, पण हे पाठ. मी मनात म्हटलं, बरं झालं विसरते ते! असं मी म्हटलं, रेइनो, स्वतःच्या आईबद्दल. एकोणतीस तारखेला मी तिला निळा झगा घातला, केस विंचरले आणि निर्धास्त बाहेर बाकावर बसले.

वीस मिनिटांनी बाईंनी मला आत बोलावलं. कागद टेबलावर. त्यावर तुझं नाव. मी आईकडे पाहिलं, ती हातमोज्याचं बटण लावत होती.

बाई म्हणाल्या, "तुमच्या आईंनी परवानगी दिली म्हणून सांगते. मी विचारलं, तुम्हाला कोणी काही सांगून पाठवलंय का? त्या म्हणाल्या, 'हो, मुलगी रोज शिकवते. मी तिच्यासमोर तिचंच नाव घेते, तिला बरं वाटतं. इथे ती बाहेर आहे.'"

मला वाटलं होतं बाई झापतील. झापलं नाही. एक पाकीट माझ्या हातात दिलं, तुझ्यासाठी. कागदाची प्रत आणि त्यांचं पत्र. म्हणाल्या, "त्यांचा पत्ता फक्त तुम्हाला माहीत आहे. आजच टाका."

मी ते पिठाच्या डब्यात ठेवलं. एकोणीस दिवस. रोज पीठ काढताना त्याला हात लागायचा. आज झटकून या पत्रासोबत घालते आहे. कोपऱ्याला पीठ लागलं असेल ते त्याचं.

आणि दवाखान्यातलं मी काढत नाही म्हटलं होतं, ते अशासाठी की काढलं तर माझंच निघेल. मी तुला त्या कॉरिडॉरमध्ये नर्सांसमोर खुनी म्हटलं. बापाचा खुनी. तू टोपी घातलीस आणि गेलास. हिल्माला आणि सगळ्या चर्चला मी सांगितलं की तू अंत्यविधीला यायचंही टाळलंस. मी तुला वेळ कळवलीच नव्हती.

माझ्या मनात काय होतं ते तुला ठाऊक नाही. मला वाटायचं, श्वास चालू आहे तोवर बाबा आहेत. एवढंच. मला दुसरं काही सुचायचंच नाही. आजही सुचत नाही.

उत्तर दे किंवा नको देऊस. पण कागदात लिहिलंय ते नीट वाच. तिनं काय काय नको म्हटलंय, ओळीनं लिहिलंय.

वर्ना


९ डिसेंबर, दुपारी दीड

रेइनो,

हे पत्र गोदीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या हातात देणार आहे आणि त्यानं ते तुझ्या हातात देईपर्यंत तिथून हलणार नाही. तुमची बोट सकाळी लागली ते मी हॉस्पिटलच्या खिडकीतून पाहिलं. फोन करता आला असता. पण हे मला तोंडानं सांगता येणार नाही.

सोमवारी सकाळी आई मागावर बसल्या जागी कलंडली. डोक्यात रक्तस्राव झालाय. डोळे उघडत नाही. श्वास घेते, पण धड नाही. मध्येच थांबतो आणि मग माझाही थांबतो. डॉक्टर म्हणतो, डुलुथला हलवून नळ्या आणि मशीन लावता येईल. त्यानं ती शुद्धीवर येईल असं तो म्हणत नाही. मी तीन प्रकारे विचारलं, तो म्हणतच नाही.

मंगळवारी त्यानं विचारलं, "त्यांनी काही लिहून ठेवलंय का? कोणाचं नाव?"

आईचा मूळ कागद माझ्या पर्समध्ये होता. मी म्हटलं, "शोधते."

काल दिवसभर मी शोधत होते, रेइनो. खुर्चीत बसून, पर्स मांडीवर धरून. घरी गेले, कपाटं उघडली, बंद केली, कोणी बघत नसताना शोधण्याचं नाटक केलं. मला एवढंच वाटत होतं की कागद निघाला नाही तर डॉक्टर मलाच विचारेल, आणि मी म्हणेन, न्या डुलुथला, लावा मशीन. तोंडात तयार होतं ते वाक्य. अजून आहे.

आज सकाळी नर्स आईला पुसायला आली. तिनं आईचा हात उचलून पलंगाच्या कठड्यावर ठेवला, नुसताच ठेवला, बांधला नाही काही. आणि मला बाबांची मनगटं दिसली. चार वर्षं मी त्यांचे हात आठवत आलेय, मासे साफ करतानाचे, दोर वळतानाचे. बांधलेले मी कधी आठवलेच नव्हते. तेव्हा रोज तिथेच होते ना मी? आई खिडकीकडे बघायची, मग मी कुठे बघत होते?

मी पर्स उघडली आणि कागद नर्सला दिला.

तिनं उभ्याउभ्या वाचला. "हे रेइनो कोण?"

"माझा भाऊ."

"येतील का ते?"

म्हटलं, विचारते.

तर विचारते आहे. डॉक्टर चार वाजता येणार आहे. तो कागद त्याच्यापुढे असेल, आणि त्यावरच्या माणसाशिवाय तो कोणाचं ऐकणार नाही. माझं तर नाहीच, असं नर्सनं स्पष्ट सांगितलं. तू आला नाहीस तर ते तिला डुलुथला नेतील, कारण कागदावर लिहिलेलं असलं तरी तोंडानं नको म्हणणारं कोणी नाही. आईला नेमकी त्याचीच भीती होती. कप्तानाला सांग, आई आजारी आहे. मरतेय म्हण. तेच खरं आहे.

मी तिथे असेन. मी तुला आत्ताच सांगून ठेवते, माझा मला भरवसा नाही. तू तोंड उघडलंस की मी मध्ये पडेन. मी रडेन, तुझ्या कोटाला धरेन, मागे म्हणाले होते त्याहून वाईट काहीतरी म्हणेन. नर्सांसमोर म्हणेन. ऐकू नकोस. माझ्याकडे बघूसुद्धा नकोस. आईनं तुला काय सांगायला ठेवलंय ते डॉक्टरला सांग, आणि मग मला तिथून घरी घेऊन जा.

वर्ना